आत्याबाईंचे मुग्गु आणि मामाजींचा सर्व्हर

आत्याबाईंचा फोन हौदात पडला तेव्हा मी शाळेत होते. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामाजी म्हणतात. संध्याकाळी घरी आले तर फोन तांदळाच्या डब्यात पुरलेला, आणि डब्याशेजारी खुर्ची टाकून मामाजी बसलेले. कोणाला त्या डब्याला हात लावू देत नव्हते.

"आज पोळ्याच खा सगळे," आत्याबाई आतून म्हणाल्या. "आजचा भात फोन खाऊन राह्यला."

फोन भात खाऊनही उठला नाही. आलापल्लीच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, आत फुंकर मारली आणि मान हलवली. फोनबरोबर आत्याबाईंचे सगळे मुग्गु गेले.

आत्याबाईंचं माहेर सिरोंच्याचं. तिकडे तेलुगूत रांगोळीला मुग्गु म्हणतात. आधी ठिपके मांडायचे आणि मग त्या ठिपक्यांना वळसे घालत एकच रेघ फिरवत न्यायची, ती फिरून जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. लग्न होऊन आलापल्लीला आल्यापासून आत्याबाई रोज सकाळी दारात असा एक मुग्गु काढतात. माझ्या नणंदेनं त्यांना फोन घेऊन दिला तेव्हापासून त्याचा फोटोही काढू लागल्या, आणि तो करीमनगरला तिला पाठवू लागल्या. मूळ फोटो सगळे त्या एका फोनमध्ये होते.

मला वाटलं होतं, त्या रडतील. त्यांनी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं दार झाडलं, सडा टाकला आणि नवा मुग्गु काढला.

"अजी, मी तं तो रोजच झाडून टाकते," त्या मामाजींना म्हणाल्या. "मंग फोटो गेला तं गेला. त्यात काय?"

दुःख झालं होतं ते मामाजींना. ते वनखात्याच्या लाकूड डेपोत होते. जंगलातून आलेला सागवानाचा प्रत्येक ओंडका मोजायचा, त्याच्यावर नंबर टाकायचा, त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही ओंडका कधी हरवला नाही, असं ते सांगतात. अशा माणसाच्या घरातून बायकोचे इतके मुग्गु नंबर न टाकता निघून गेले होते. दोन दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही. आत्याबाई मला म्हणाल्या, "जाऊ दे. ज्याले रेघ मारता येत नाई त्यालेच जास्त दुखते."

तिसऱ्या दिवशी मामाजींनी मला विचारलं, "बाई, असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करतात?"

मी गणित शिकवते. पण शाळेत प्रिंटर अडला की मलाच बोलावतात, त्यामुळे घरात माझी गणना कॉम्प्युटर समजणाऱ्यांत होते. मी म्हटलं, "क्लाउडवर ठेवतात."

"म्हंजे कुठी?"

"म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर. इंटरनेटवरून."

आमचं इंटरनेट म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई. येतो तेव्हा सगळं घर त्याच्या तैनातीला, आणि कधी रुसून निघून जाईल सांगता येत नाही. रस्त्याचं काम निघालं की केबल तुटते, वीज गेली की टॉवर झोपतो. मामाजींनी थोडा विचार केला.

"मंग दुसऱ्याच्याच काऊन? आपल्याच घरच्या कॉम्प्युटरवर ठेवता येत नाई का?"

"येतं ना," मी म्हटलं. "त्याला होम सर्व्हर म्हणतात. सुटे भाग आणून बनवता येतो."

हे बोलले नसते तर माझी दिवाळीची सुट्टी सुखात गेली असती.

पुढचे काही आठवडे मामाजी फोनवर हिंदीतले व्हिडिओ बघत होते. जेवताना, दाढी करताना, अंगणात फेऱ्या मारताना. कानाला फोन लावून बसलेला माणूस पाहून शेजारच्या बाईनं आत्याबाईंना विचारलंही, की भाऊंना ऐकू कमी येतं का. चहाच्या वेळी मला प्रश्न यायचे. प्रोसेसर किती वीज खातो? दिवसरात्र चालू ठेवायचा तर कमी खाणाराच पाहिजे. मेमरी वेगळी आणि डिस्क वेगळी, हे काऊन? मी सांगितलं, मेमरी म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे कोठार. त्यांना ते पटलं. "अन् मदरबोर्ड?" मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "मदरबोर्ड म्हंजे मी. सगळ्यायचे वायर माह्यालेच जोडले आहेत."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं चंद्रपूरला गेलो. माझा नवरा तिथेच नोकरीला आहे आणि शनिवारी घरी येतो. तो स्टँडवर भेटला, आम्हाला कॉम्प्युटरच्या दुकानापर्यंत सोडलं, वडिलांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ड्युटी आहे सांगून पळाला.

दुकानदार तरतरीत माणूस होता. त्यानं आधी आम्हाला काचेचा कॅबिनेट दाखवला. आत रंगीत दिवे, फिरताना निळे, थांबले की गुलाबी.

"हा लेटेस्ट आहे, काका. सगळे हाच नेऊन राह्यले."

"याच्यात गणपती बसवाचा आहे का?" मामाजींनी विचारलं.

दुकानदार हसला आणि त्यानं साधे कॅबिनेट काढले. मामाजींनी एकेकाला बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. ठोकायचं, कान लावायचा, पुढच्याकडे जायचं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघू लागली. मी भिंतीवरच्या कीबोर्डांच्या किमती वाचत असल्याचं दाखवलं. शेवटी त्यांनी सगळ्यात जड, काळा, लोखंडी कॅबिनेट निवडला. त्यात डिस्क ठेवायला भरपूर जागा होती आणि पुढे धूळ अडवायची जाळी होती, त्यामुळे मलाही तो पटला. तो बसमधून कसा न्यायचा, हा विचार तेव्हा आमच्यापैकी कोणीच केला नाही.

वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, त्यांनी तळहातावर तोलून घेतला. हलका परत दिला, जड ठेवला. मग हार्ड डिस्कची वेळ आली. मी घरीच समजावलं होतं, की सारख्या दोन डिस्क घ्यायच्या. जे एकीवर लिहिलं जाईल तेच दुसरीवरही लिहिलं जाईल, एक बिघडली तर दुसरी असते. दुकानदारानं एकाच खोक्यातून दोन डिस्क काढून काउंटरवर ठेवल्या.

"एकाच झाडाचे दोन ओंडके नको," मामाजी म्हणाले. "एकाले आतून कीड असन तं दुसऱ्यालेही असते."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वेगवेगळ्या लॉटच्या द्या म्हणतात ते."

"ते बरोबर आहे काकाचं," तो म्हणाला, आणि आत जाऊन वेगळ्या तारखेची दुसरी डिस्क घेऊन आला.

इथे मामाजींना जोर चढला. मेमरीच्या दोन पट्ट्या जोडीच्या, एकाच पाकिटातल्या असाव्या लागतात. मामाजी म्हणाले, यायचंही झाड वेगळं पायजे. दुकानदारानं समजावलं, मी समजावलं, गिऱ्हाइकांपैकी एकानं समजावलं. मामाजी ऐकेनात. दुकानदार बिचारा घाम पुसत म्हणाला, "काका, डिस्क म्हंजे दोन भाऊ, वेगळे राह्यले तं चालते. मेमरी म्हंजे बैलजोडी. एक उंच अन् एक बुटका जुंपता का तुम्ही?"

मामाजींनी पाकीट ठोकून पाहिलं आणि पिशवीत टाकलं.

परतीच्या बसमध्ये कॅबिनेटचं खोकं कंडक्टरनं आधी मागच्या सीटवर, मग इंजिनाजवळ आणि शेवटी माझ्या पायांवर ठेवलं. आष्टीपर्यंत बसमधल्या प्रत्येकाला त्यात काय आहे ते कळलं होतं. कोणी म्हणालं टीव्ही, कोणी म्हणालं शिलाई मशीन. मामाजींनी उभं राहून सांगितलं, "फोटो ठेवाची पेटी आहे." मागून एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा! एवढी मोठी? कोनाचे फोटो?" मामाजी खाली बसले. बायकोच्या रांगोळीचे, हे एसटीत सांगायला त्यांना लाज वाटली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर सतरंजी अंथरून मी सर्व्हर जोडायला बसले. मामाजी स्क्रू वाटीत घेऊन समोर, आणि आत्याबाई वालाच्या शेंगा मोडत बाजूला. प्रोसेसर बसवताना मी श्वास रोखला होता, कारण त्याच्याखालच्या बारीक पिना वाकल्या की सगळं संपलं. मामाजींनीही श्वास रोखला होता. आत्याबाई म्हणाल्या, "दोघंही मेले का काय?" मग मेमरीच्या पट्ट्या, मग पंखा, मग डिस्क. सगळं जोडून मी बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला. मामाजींचा चेहरा पाहवेना. मी सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या, तरी तेच. अंगणातलं ऊन सतरंजीवर आलं, शेंगांची भाजी होऊन जेवणंही झाली. दुपारी मी पुस्तिकेतलं चित्र आणि मदरबोर्ड शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा दिसलं, की वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी विजेची आणखी एक वायर लागते. ती कॅबिनेटच्या मागे लोंबत होती. लावली, बटण दाबलं, पंखे फिरले, हिरवा दिवा लागला.

"चालू!" मामाजी ओरडले. "चालू झाला! चालू!"

"चालु, चालु," आत्याबाई आतून म्हणाल्या.

तेलुगूत चालु म्हणजे पुरे. लग्नानंतर इतक्या वर्षांत मामाजींना तेवढी तेलुगू येते, पण त्या दिवशी त्यांनी तो शब्द मराठीतच धरला आणि खूश झाले.

सर्व्हर तयार झाला, आणि त्यात ठेवायला काहीच नव्हतं. आत्याबाईंना मधल्या काळात घेतलेल्या नव्या फोनमध्ये जेमतेम महिन्याभराचे मुग्गु होते. घरात फोन वायफायला जोडला की फोटो आपोआप सर्व्हरवर जातील, अशी सोय मी केली. ती ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे मी काय काढते ते हा चोरून पाहाते?" आणि एक दिवस फोन मुद्दाम बंद ठेवला.

जुने मुग्गु मिळवायला मामाजींनी नातेवाइकांना फोन लावायला सुरुवात केली. आत्याबाई नणंदेलाच नाही, तर सिरोंच्याच्या भावजयांना, गडचिरोलीच्या मावसबहिणीला, अगदी वरोऱ्याला माझ्या आईलाही रोज मुग्गु पाठवायच्या. मामाजींचं म्हणणं एकच: "तिचे आलेले सगळे पाठवा, एकही पुसू नका." लोकांनी पाठवले. वेगळं कोण काढत बसणार, म्हणून आख्खी गॅलरीच पाठवली. मुग्गूंबरोबर सुप्रभातची गुलाबं आली, कोणाच्या बारशातलं जेवण आलं, गोदावरीत पकडलेला हातभर मासा आला, माझ्या आईच्या गुडघ्याचा एक्स-रे आला. मामाजींनी एकही पुसला नाही. फक्त वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आणि त्याला नाव दिलं, 'इतर माल'.

सगळ्यात जास्त फोटो माझ्या आईकडे निघाले. तिला पुसता येत नाही, हे कारण.

उन्हाळ्यात सर्व्हर पिपाणीसारखा वाजायला लागला. अंगणातून आत्याबाई म्हणाल्या, "कुकर झाला का पाहा वो." मी धावत बाहेरच्या खोलीत आले. टीव्हीशेजारी ठेवलेल्या सर्व्हरवर क्रोशाचं पांढरंशुभ्र झाकण होतं, पायापर्यंत, चारही बाजूंनी. आत पंखे जीव तोडून फिरत होते.

"आत्याबाई, हे काय?"

"झाकण. मिक्सरले आहे, टीव्हीले आहे, त्याले काऊन नाई? धूळ बसते ना."

त्याला हवा लागते, गुदमरतो तो, असं सांगितलं. त्यांनी झाकण काढलं आणि दोन दिवसांनी नवं विणून आणलं. पुढून आणि मागून उघडं, वरून झालर. मामाजी म्हणाले, "आता शोभते." त्या झाकणात लाल दोऱ्यानं मुग्गु काढलेला होता, हे मला त्या दिवशी दिसलंच नाही, फार उशिरा दिसलं.

मामाजींची काळजी मात्र संपत नव्हती. एका दुपारी म्हणाले, "बाई, घरालेच आग लागली तं? दोन्ही ओंडके एकाच डेपोत आहेत."

ते बरोबर होतं. शिवाय चुकून एखादा फोटो पुसला गेला तर तो दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो, हेही मी त्यांना सांगून टाकलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग तिसरी डिस्क आली. तिच्यात सगळं उतरवून ती नणंदेकडे करीमनगरला ठेवायची, आणि नणंद येईल तेव्हा नवे मुग्गु भरून द्यायचे, असं ठरलं. नणंद आली, माहेरपण करून निघाली. आत्याबाईंनी तिच्या पिशवीत आंब्याचं लोणचं, मोहाचे लाडू आणि फडक्यात बांधलेली डिस्क असं सगळं एकत्र भरलं. बसस्टँडवर मामाजी खिडकीशी उभे राहून तिला सांगत होते, "पिशवी आपटू नको. मांडीवर ठेवजो. लोणचं फुटलं तं फुटू दे." करीमनगरला पोचल्यावर तिचा फोन आला: लोणचं शाबूत, लाडू मुलांनी बसमध्येच संपवले, आणि डिस्क कपाटात साड्यांखाली ठेवली. मामाजींनी विचारलं, "कोन्या खणात?"

पुढच्या थंडीत दोनपैकी एक डिस्क गेली.

सकाळी सर्व्हरवर तांबडा दिवा होता आणि आतून टक्... टक्... असा आवाज येत होता. मामाजींनी कान लावला आणि मला हाक मारली. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला वाटलं त्यांनाच काही झालं. मी पाहिलं. एक डिस्क मेली होती आणि दुसरी ठणठणीत होती. फोटो सगळे उघडत होते. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. ते तीनदा हो म्हणाले आणि तिथेच खुर्ची टाकून बसले.

नवऱ्यानं शनिवारी चंद्रपूरहून नवी डिस्क आणली. मामाजींनी आधी तिच्यावरची तारीख वाचली. मी ती बसवली आणि चांगल्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरायला लागलं. टीव्हीच्या पडद्यावर मी त्याची पट्टी लावून दिली, किती झालं ते दिसावं म्हणून. ती पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. मामाजी तिच्यासमोरून उठेनात. पेपर नको, आंघोळ नको.

आत्याबाई चहा घेऊन आल्या. "पेशंटलेही देऊ का?" त्यांनी विचारलं.

मामाजी हसले नाहीत. मग आत्याबाईंनी कप त्यांच्या हातात दिला आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. असं दुपारी बसलेलं मी त्यांना फार क्वचित पाहिलं आहे.

"दाखव तं खरं," त्या मला म्हणाल्या. "एवढं काय सांभाळून राह्यले हे, ते पाहू."

इतक्या दिवसांत त्यांनी आपले मुग्गु सर्व्हरवर एकदाही पाहिले नव्हते. मी ती पट्टी बाजूला करून फोटो लावले. एकामागून एक, मोठ्या पडद्यावर. पहिले काही त्यांनी मागे टेकून पाहिले. मग पुढे सरकून बसल्या.

"थांब. मागं घे. हे पाहा, इथी रेघ तुटली." त्या उठून पडद्यावर बोट ठेवू लागल्या. "अन् हा? हा काऊन काढला म्या असा? एक ठिपका सुटला आहे. लोकायले पाठवला मी हा! अय्यो!"

"चांगला तं दिसून राह्यला," मामाजी म्हणाले.

"तुम्हाले सागवान समजते. पूस हा, बाई."

"नाई पुसाचा," मामाजी म्हणाले.

"माहा मुग्गु आहे."

"पेटी माही आहे."

एका फोटोवर मात्र त्यांनी बोट ठेवलं नाही. तो मुग्गु लहानसा होता, उंबऱ्याला अगदी चिकटून काढलेला, रेघा थरथरलेल्या. मी विचारलं, हा कधीचा. म्हणाल्या, "ताप होता तेव्हाचा. उभं राहवत नव्हतं, म्हून बसल्या बसल्या काढला." मामाजी पडद्याकडेच बघत होते. "मले माहीत आहे," ते म्हणाले. "मी धरून बसलो होतो तुले." आत्याबाईंनी पदरानं रिकाम्या कपाचं बूड पुसलं, जे कोरडंच होतं, आणि पुढचा लाव म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत नवी डिस्क भरली. तांबडा दिवा गेला, हिरवा आला. पण पुसायचं की नाही, हा वाद काही मिटेना. आत्याबाईंना चुकलेला एकही मुग्गु घरात नको होता आणि मामाजींना एकही ओंडका डेपोबाहेर जाऊ द्यायचा नव्हता. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मी एक नवं फोल्डर काढलं, त्याला 'बिघडलेले' असं नाव दिलं, आणि आत्याबाई बोट दाखवतील ते सगळे त्यात टाकले. पुसलेही नाहीत, डोळ्यांसमोरही नाहीत. दोघांनीही कुरकुरत ते मान्य केलं.

आता दुपारचं काम आटपलं की आत्याबाई पदराला हात पुसत येतात आणि टीव्हीसमोर बसतात.

"लावा वो," मामाजींना सांगतात. "ते बिघडलेले लावा."

मामाजी लावतात. चांगले मुग्गु त्या दिवसानंतर कोणी पाहिलेले नाहीत.